माईचं माहेर पेडण्यात! ('रात्रीस खेळ चाले'वरची एक फॅनफिक, वाचाच)

फोंडेकरीण

परवा खरडफळ्यावर (इथल्या गप्पांच्या पानावर) मी या फॅनफिकचा, म्हणजे कोकणातल्या नाईकांच्या वाड्यावरच्या या भुताखेतांच्या मालिकेतली पात्रं घेऊन एका चाहतीनं लिहिलेल्या गोष्टीचा, नुसता उल्लेख केला आणि 'लिंक दे, लिंक दे' सुरू झालं. लिंक व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) देईन, कारण खाली लिहिलंय. आधी ती का वाचायची ते सांगते, म्हणजे ज्यांना वाड्याचे मालक अण्णा नाईक आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांचा मसाला हवाय त्यांचा वेळ जाणार नाही. शेवंता इथे जेमतेम दोनदा येते आणि दोन्ही वेळा आपल्याला तिची पाठच दिसते.

गोष्ट माईची, अण्णांच्या बायकोची आहे. मालिका बघताना मला, आणि माझ्यापेक्षा माझ्या सासूबाईंना, एकच प्रश्न छळायचा: ही बाई त्या वाड्यात राहिलीच कशाला? पहिलं पर्व अण्णांच्या मृत्यूपासून सुरू होतं, त्यामुळे २०१६ मध्ये आपण माईला विधवा म्हणूनच भेटलो. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात मागचं सगळं उलगडलं, अण्णा काय लायकीचा माणूस होता ते गावाला आणि आपल्याला दिसलं, तरी माई तिथेच. सासूबाई टीव्हीकडे बघून दर रात्री विचारायच्या, "हिला माहेर नाही काय गो?" मालिकेनं याचं उत्तर सोशिकपणात शोधलं. म्हणजे दिलंच नाही. माई झालेल्या शकुंतला नरे यांनी नुसत्या डोळ्यांनी जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं, पण लिहिणाऱ्यांचा जीव अण्णांच्या दराऱ्यात अडकलेला.

या लेखिकेनं उत्तर नकाशात शोधलंय. तिची माई तेरेखोल नदीच्या अलीकडची, पेडण्यातली, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यातली. (हे माहेर लेखिकेचं स्वतःचं, मालिकेतलं नव्हे. तिनं सुरुवातीच्या टिपेत तसं सांगितलंय.) किरणपाणीला होडीत बसायचं, पलीकडे आरोंद्याला उतरायचं की सासरचा मुलूख. सोयरीक जुळवताना कोणाच्या मनातही येत नाही की आपण पोरीला परदेशात देतोय. दोन्हीकडचे देव एक, नातीगोती एक, पेडणं तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचंच होतं.

मग १५ ऑगस्ट १९५५ उजाडतो. पत्रादेवीला आणि इतर नाक्यांवर सत्याग्रही आत शिरतात, पोर्तुगीज गोळ्या घालतात, आणि त्यानंतर भारत सरकार सीमा बंद करतं. आर्थिक नाकेबंदी. नदी आहे तिथेच, होडी आहे तिथेच, पण माईचं माहेर एका रात्रीत दुसऱ्या देशात गेलं. ते १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परत आलं नाही. सहा वर्षं. आणि नवी नवरी ज्या वर्षांत रुसून माहेरी जाते, आईजवळ रडते, बापाला मध्ये घालते, नेमकी तीच ही वर्षं. नवरा कसा आहे हे कळेपर्यंत परतीची वाट बंद, आणि वाट उघडेपर्यंत ही त्या घरात मुरलेली.

एवढी एक कल्पना हाती आली की दुसरा कोणी तिच्यावर कढ काढत बसला असता. ही बाई स्वयंपाकघर सोडत नाही. तिसऱ्या प्रकरणात आई चोरट्या वाटेनं लेकीला एक पुडकं पाठवते. गोव्यात तेव्हा भारतातून माल येणं बंद, म्हणून बटाटे हॉलंडहून बोटीनं यायचे. तर पुडक्यात हॉलंडचे बटाटे. एवढाच उतारा देते, जास्त दिला तर लेखिका रागावेल:

"बटाटे सहा होते. पाच तिनं भाजीत घातले. सहावा परसात पुरला आणि कोणाला सांगितलं नाही. अण्णांनी भाजी दोनदा मागून घेतली. कुठले गो बटाटे, असं त्यांनी विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही."

भूत नाही, पिशाच नाही, बाहुली नाही. तरी मला तिथे थंडी वाजली.

चौथं प्रकरण मात्र दिवसा वाचू नका, रात्री सगळे झोपल्यावर सलग वाचा. त्याबद्दल काहीच सांगत नाही.

उणं काय? पाचवं प्रकरण. तिथे गोवामुक्ती येते आणि लेखिकेतली शिक्षिका जागी होते. नाकेबंदी, लष्करी कारवाई, तारखा, सगळं पानभर. माईच्या डोळ्यांसमोरून निदान एक ट्रक तरी जाऊ द्यायचा होता. आणि अण्णांना एका प्रसंगात तिनं उगाच हळवं केलंय. माधव अभ्यंकरांचे अण्णा ज्यांनी बघितलेत त्यांना ते पटायचं नाही. तो परिच्छेद गाळून वाचलात तर गोष्टीला धक्का लागत नाही.

आता लिंकचं. ती एओथ्री या फॅनफिकांच्या संकेतस्थळावर आहे, सात प्रकरणं, पूर्ण. (पूर्ण! अर्ध्यावर सोडलेल्या फॅनफिकांनी ज्यांचा छळ झालाय त्यांना या शब्दाची किंमत कळेल.) लेखिका टोपणनावानं लिहिते आणि गोष्टीचं नाव उघड्या धाग्यावर नको म्हणते. यूट्यूबवरचे भयकथा वाचून दाखवणारे चॅनेल असं काही दिसलं की उचलतात, खाली जाहिराती लावतात आणि मूळ लेखकाचं नावही घेत नाहीत, हे तिच्या एका जुन्या गोष्टीबाबत झालंय. तेव्हा व्यनि करा, वाचा, आणि आवडली तर तिकडे जाऊन तिला चार ओळी लिहा. तिथे पैसे मिळत नाहीत. प्रतिसाद हीच काय ती बिदागी.

---

वाचनमात्र_होतो

धागा चांगला आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. एवढं बरं लिहिता येतं तर बाईंनी स्वतःची पात्रं घेऊन कथा का लिहिली नाही? दिवाळी अंकात आली असती. नाईकांच्या वाड्यात भाडेकरू म्हणून राहण्याची गरज काय?

---

खाजेवाली

@वाचनमात्र_होतो, गरज आहे. स्वतःचं पात्र घेतलं तर आधी ही बाई कोण, नवरा कसा, घर कसं, हे सांगण्यात निम्मी कथा जाते. माईला आपण रात्री साडेदहाला वर्षानुवर्षं बघितलंय. लेखिकेनं "तिनं पदर खोचला" एवढं लिहिलं की आपल्याला तो पदर दिसतो. उरलेली जागा नवीन गोष्टीला. फॅनफिकची ताकद हीच आहे, वाचक अर्धा रस्ता आधीच चालून आलेला असतो.

आणि हे काही आजचं खूळ नाही. अमेरिकेत 'स्टार ट्रेक' १९६६ ला सुरू झाली आणि १९६७ मध्ये चाहत्यांनी स्वतः छापलेलं, तिच्यावरच्या कथांचं पहिलं अनियतकालिक आलं. मेरी सू हा शब्दही त्याच मंडळींतला. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या चाहतीनं एक छोटं विडंबन लिहिलं: साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू, ताफ्यातली सर्वांत लहान, सर्वांत हुशार, सगळे तिच्या प्रेमात, आणि शेवटी ती मरते तेव्हा सगळे रडतात. तेव्हापासून लेखिकेनं स्वतःलाच नटवून गोष्टीत घुसवलं की त्या पात्राला मेरी सू म्हणतात.

आपल्या रात्रीस खेळवरच्या फॅनफिका उघडा, दर तिसरीत मुंबईहून एक मुलगी वाड्यावर येते, आर्किटेक्ट नाहीतर पत्रकार, तिला भुतं दिसतात, ती घाबरत नाही, आणि माईचा धाकटा मुलगा अभिराम तिच्याकडे बघतच राहतो. 🙄 फोंडेकरीणताईंनी सुचवलेल्या गोष्टीत असं कोणी नाही, म्हणून मी ती एका बैठकीत संपवली.

एओथ्रीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: पूर्ण नाव 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन'. २००९ पासून सर्वांना खुलं आहे, ना-नफा संस्था चालवते, जाहिराती नाहीत, वाचायला खातं लागत नाही. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळालाय. शोधताना टॅग, म्हणजे गोष्टीत काय आहे ते सांगणारे शब्द, नीट वाचा. टॅग न वाचता आत शिरून मग "शी, काय हे" म्हणणाऱ्यांना तिथे कोणी दया दाखवत नाही. भाषेच्या यादीत मराठी निवडलीत तर थोडंच सापडेल. हिंदी मालिकांवरचं मात्र उदंड आहे. 'इस प्यार को क्या नाम दूँ' २०१२ मध्ये संपली, तरी अर्णव-खुशीची लग्नं लोक अजून लावतायत.

---

डिचोलीचे_मास्तर

व्यनिबद्दल आभार. तीन प्रकरणं झाली. भाषा उत्तम. परंतु हिशेब.

माईचं लग्न १९५५ च्या आधी. चौदा वर्षांची धरली तरी जन्म १९४० च्या आसपास. म्हणजे पहिल्या पर्वात, २०१६ साली, माई पंचाहत्तरीच्या. त्या तशा दिसतात का? माधव, दत्ता हे मुलगे चाळिशी-पंचेचाळिशीचे. म्हणजे लग्नानंतर पंधराएक वर्षं पाळणा हलला नाही. आणि सर्वांत धाकटा अभिराम तर लग्नाचा! तो झाला तेव्हा माई किती वर्षांच्या होत्या, बाईंनी एकदा कागदावर मांडून बघावं.

दुसरं. कोकणातल्या लाल मातीत बटाटा पुरून काय होणार?

---

फोंडेकरीण

मास्तर, 😀 तुम्ही येणार हे माहीत होतं.

बटाट्याचं: सहाव्या प्रकरणापर्यंत धीर धरा. तो उगवत नाही. तिनं तेच लिहिलंय.

वयाचं: लेखिकेनं टॅगमध्येच कबूल केलंय की कालगणना मालिकेपासून मोडून घेतली आहे. पंधरा वर्षं पाळणा न हलण्याचं कारणही गोष्टीत आहे, दोन ओळींत, आणि त्या दोन ओळी सोप्या नाहीत. अभिरामचं गणित बसत नाही हे खरं. मला विचाराल तर ती सहा वर्षं मिळवण्यासाठी अभिरामचं वय गेलं तरी चालेल. मालिकेनं तरी कुठे वयं सांभाळली होती!

---

साखळीची_नानी

(नातवाकडून टंकून घेत आहे.)

मी ही मालिका पाहत नसे, रात्री उशिरा असायची आणि मला भीतीचं बघवत नाही. पण सुनेनं ही कथा फोनवर वाचून दाखवली म्हणून लिहिते.

बटाट्याचं खरं आहे. आमच्या घरी हॉलंडचे बटाटे येत. सिमेंट जपानचं यायचं. मी शाळेत जाणारी पोर होते. त्या काळाची आठवण काढली की लोक विचारतात, खायला कमी पडलं का? तसं पडलं नाही. बाजारात परदेशी जिन्नस होते. कमी पडली ती माणसं. माझी सख्खी मावशी दोडामार्गाला दिलेली. साखळीहून दोडामार्ग ते काय अंतर! पण माझ्या भावाच्या मुंजीला ती नव्हती, आजोबा गेले तेव्हा नव्हती. आई सणाला तिच्या नावचं पान वेगळं वाढायची आणि मग ते पान आम्हा मुलांपैकी कोणीतरी खायचं. आम्हाला त्यात मजा वाटे.

मुक्तीनंतर मावशी आली ती दोन पोरांना घेऊन. आम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं. आईनं आणि तिनं एकमेकींना पाहून रडावं अशी आम्ही वाट बघत होतो. त्या दोघी चुलीपाशी बसून भांडल्याच. कशावरून ते आता आठवत नाही, बहुतेक आजीच्या दागिन्यावरून.

कथेत माई पहिल्यांदा माहेरी जाते तेव्हा सगळे फार शहाण्यासारखे वागतात. ते मला खोटं वाटलं. बाकी छान लिहिलंय. मुलीला आशीर्वाद सांगा.

---

खाजेवाली

नानी 🙏🙏 तुमचा प्रतिसाद लेखिकेला जसाच्या तसा पाठवू का?

---

साखळीची_नानी

पाठव गो. दागिन्याचं तेवढं वगळ, मावशीची नातवंडं असतात इंटरनेटवर.

---

बांदेकर

मी पलीकडचा, रोज पत्रादेवी ओलांडून गोव्यात कामाला येणारा. हुतात्मा स्मारकावरून जातो आणि नानी म्हणतात ती सीमा कुठे होती हे आता रस्त्याकडे बघून सांगता येत नाही. दारूच्या दुकानांच्या पाट्यांवरून कळतं एवढंच.

मूळ मालिकेबद्दल थोडं अवांतर. २०१६ ला ती सुरू झाली तेव्हा आमच्याकडे बऱ्याच जणांना राग आला होता. कोकण म्हणजे भुतं, करणी आणि भाऊबंदकी एवढंच का, असं म्हणत लोकांनी विरोध केला. मग तेच लोक रविवारी पाहुण्यांना घेऊन मालिकेतला आकेरीचा वाडा दाखवायला जाऊ लागले. सावंतवाडी-कुडाळ रस्त्यावर आकेरीला गाड्यांची रांग मी स्वतः बघितलीय. तिसऱ्या पर्वाला कोविड आडवा आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात चित्रीकरणं थांबली, कितीतरी मराठी मालिकांची बिऱ्हाडं तुमच्या गोव्यात हलली, आणि मे महिन्यात तिथेही परवानग्या काढून घेतल्या. म्हणजे सीमा बंद होण्याचा अनुभव मालिकावाल्यांनीही घेतला म्हणायचा.

फॅनफिक वाचली. मला सगळ्यात काय आवडलं, तर मालवणी. संवाद मालवणीत, निवेदन साध्या मराठीत, आणि माईच्या आईच्या तोंडी पेडण्याची बोली. तिथे कुठे थांबायला होत नाही. मालिकेत मालवणी कधी कधी पाहुण्यांना समजावी म्हणून धुऊन-पुसून घेतल्यासारखी वाटायची. पांडूची, वाड्यावरच्या गड्याची, तेवढी अस्सल. साहजिकच आहे, ते काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते.

नानींशी थोडा असहमत. माहेरचे शहाण्यासारखे वागतात कारण त्यांना अण्णांचं सगळं कानावर आलेलं असतं. ती पाहुण्यासारखी वागणूक आहे, मायेची नव्हे. मला तरी ती तशीच टोचली.

---

वाचनमात्र_होतो

बरं, वाचली. चौथ्या प्रकरणानंतर पाणी प्यायला उठलो. माझा आधीचा प्रश्न तसाच आहे, पण त्याचा आवाज कमी झालाय.

---

संकासूर

पेडण्यातला आहे, म्हणून या धाग्यावर बोलण्याचा माझा हक्क पहिला. उशीर झाला, जत्रांचे दिवस आहेत.

'भाडेकरू' हा शब्द वाचून हसू आलं. आमच्याकडे जत्रेला पालखी झाली की रात्री दशावतार उभा राहतो. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासूर. त्यानंतर आख्यान. आख्यानाची संहिता कोणाच्या हातात नसते. कंपनीतला जाणता रंगायच्या आधी सांगतो, आज अमुक कथा, तू राजा, तू राणी, तू नारद, अमक्या ठिकाणी युद्ध. बस्स. बोलायचं काय ते पेटी-पखवाजासमोर उभं राहिल्यावर. पुराणात दोन ओळींत उरकलेली राणी आमच्याकडे अर्धा तास विलाप करते, आणि समोर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. त्या अर्ध्या तासाचा लेखक कोण? तो लुगडं नेसलेला बाप्याच ना! व्यासांनी त्याला लिहून दिलं नव्हतं.

आणि पेडण्यातला प्रेक्षक त्याला 'स्वतःची राणी का आणली नाहीस' असं विचारत नाही. तो विचारतो, मागच्या वर्षी दुसऱ्या कंपनीच्या राणीनं जे केलं त्यापेक्षा तू वेगळं काय केलंस. या बाईंनी माईला घेऊन तेच केलंय. मला तर चौथं प्रकरण वाचताना पेटी ऐकू येत होती.

तक्रार एकच. किरणपाणीला भरती-ओहोटी असते. त्या रात्री होडी कुठल्या पाण्यावर लावली ते लिहायला हवं होतं. नदीकाठच्या माणसाला ते पहिल्यांदा जाणवतं.

---

कलम_बहाद्दर

संकासूरबाब, उपमा झकास, फक्त व्यासांचे वारस कोर्टात येत नाहीत.

म्हापशात वकिली करतो, म्हणून रुक्ष भाग मी लिहितो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फॅनफिक असा शब्द कुठेही नाही. साहित्यकृतीला लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण. मालिकेचे भाग कायद्याच्या भाषेत सिनेमॅटोग्राफ फिल्म, त्यांना प्रकाशनानंतर ६० वर्षं, तीही पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. म्हणजे २०१६ चं पहिलं पर्व २०७६ संपेपर्यंत. मास्तरांनी हा हिशेब तपासावा.

कल्पनेवर मात्र कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या रीतीवर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्वच्छ सांगितलंय. 'अत्याचारी नवरा आणि सोशिक बायको' ही कल्पना कोणाचीच नाही. पण नाईकांचा वाडा, माई, अण्णा, पांडू अशा नावागावासकट घेतलं की प्रश्न उभा राहू शकतो. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, टीका, समीक्षा यांना सूट आहे. फॅनफिक त्यात बसते का, यावर दोन वकील दोन मतं देतील आणि दोघेही फी घेतील. शिवाय कलम ५७, लेखकाचा नैतिक हक्क: कृतीची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाधा आणली तर तो दाद मागू शकतो.

व्यवहारात पैसे न घेता, मूळ मालिकेचं ऋण मान्य करून कोणी लिहिलं तर सहसा कोणी त्याच्या वाटेला जात नाही. जाहिराती लावणारे यूट्यूबवाले मात्र दुहेरी अडचणीत, कारण फॅनफिकमधला जो नवा मजकूर आहे तो या बाईंचा आहे. तोही उचलता येत नाही. बाईंना हे जरूर कळवा.

---

खाजेवाली

रसभंगाचा इशारा. ज्यांनी पूर्ण वाचली नाही त्यांनी हा प्रतिसाद सोडून पुढे जा.

.

.

.

मला चौथ्या प्रकरणाबद्दल कोणाशी तरी बोलायचंच आहे. माई रात्री आरोंद्याच्या काठावर पोचते, होडीवाला तयार आहे, गस्त दूर आहे. आपल्याला वाटतं अडवणार ते पोर्तुगीज नाहीतर भारतीय पोलीस. पैसे नाहीत म्हणून ती हातातली पाटली काढून देते. आणि होडीवाला ती परत करतो, कारण ती नाईकांची पाटली आहे, पंचक्रोशीतला कुठलाही सोनार ती ओळखेल आणि मग त्याची खैर नाही. सीमा-बिमा राहिली बाजूला! ती अडकली ती अण्णांच्या नावाला. लेखिकेनं तीन प्रकरणं आपल्याला नाकेबंदीकडे बघायला लावून खरा बांध दुसरीकडेच घातलेला.

आणि सातवं. एवढ्या वर्षांनी माई एसटीनं एका दिवसापुरती पेडण्याला जाऊन येते, सोबत पांडू. परत आल्यावर अण्णा पांडूला दरडावून विचारतात, खंय गेल्लात? आणि तो म्हणतो, "इसारलंय." विसरलो. मालिकाभर आपण त्या शब्दावर हसलो. मी बसमध्ये वाचत होते, कदंबच्या कंडक्टरनं विचारलं, बाय, बरी आहेस ना?

---

डिचोलीचे_मास्तर

पूर्ण वाचली. २०७६ चा हिशेब बरोबर आहे.

पांडूच्या त्या एका शब्दासाठी अभिरामच्या वयाचे गुण मी परत देतो. पाचव्या प्रकरणाचे कापलेले मात्र तसेच. इतिहास शिकवायचा असेल तर वर्गात शिकवावा.

---

संकासूर

आता मुद्द्याचं. आमच्या वाड्यावरची (वस्तीतली) मंडळी दरवर्षी देवळाच्या उत्सवात मराठी नाटक करतात, दशावतार वेगळा, हे वेगळं. यंदा संहिता ठरत नाहीये. तीच ती चार नाटकं. चौथं आणि सातवं प्रकरण धरून एक एकांकिका होईल, पाऊण तासाची. तिकीट नसतं. फोंडेकरीणताई, बाईंना विचाराल? माईच्या भूमिकेला माणूस आहे. पांडूसाठी तर भांडणं लागतील.

---

कलम_बहाद्दर

तिकीट नसलेल्या हौशी मंडळाच्या प्रयोगाला कलम ५२ मध्ये सूट आहे, पण कथेचं नाटक करणं म्हणजे रूपांतर, त्याला ती सूट पुरत नाही. बाईंची परवानगी लागेल, आणि मूळ पात्रांच्या नावांनी करणार असाल तर ती एकट्या बाईंनी देऊन पुरत नाही. नावं बदला.

---

बांदेकर

नावं बदलली तर 'इसारलंय'चं काय? तो शब्द आमच्या आजोबांच्या तोंडी मालिकेच्या कितीतरी आधीपासून आहे, त्याला कलम लावू नका म्हणजे झालं.

---

वाचनमात्र_होतो

नावं बदला, वाडा बदला, मालिकेचा उल्लेख काढा. मग उरेल ती बाईंची स्वतःचीच कथा की हो. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो? 😀

---

खाजेवाली

@वाचनमात्र_होतो, नाही उरणार. सातव्या प्रकरणातला 'इसारलंय' मालिका न बघितलेल्या माणसाला नुसता विसरभोळा गडी वाटेल. पेडण्याच्या प्रेक्षकानं मालिका बघितलेली आहे, तो बदललेल्या नावामागचा पांडू ओळखणारच. तुमची एकांकिका त्याच्या भरवशावर चालेल, संकासूरबाब.

---

फोंडेकरीण

लेखिकेशी बोलणं झालं. एकेक सांगते.

नानींचा प्रतिसाद तिनं दोनदा वाचला म्हणाली. माहेरचा प्रसंग पुन्हा लिहायला घेतलाय, त्यात आता भांडण असणार आहे. (दागिन्यावरून नव्हे, नानी. निर्धास्त असा.) बांदेकरांचं म्हणणंही कळवलं, पण तिला नानींची बाजू पटली.

भरती-ओहोटीचं तिला पटलंय, पण ती वाढलेली फोंड्याकडे, नदीचं तिला काही कळत नाही. संकासूरबाब, तुम्ही सांगाल तर ती दुरुस्त करेल.

एकांकिकेला हो, अटी तीन: नावं बदलायची, कोणी मोबाइलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचं नाही, आणि माईचं काम बाईनं करायचं. तिसऱ्या अटीवर ती हटणार नाही, मी प्रयत्न केला.

पाचवं प्रकरण ती बदलणार नाही. मास्तरांना नमस्कार सांगितलाय.

---

संकासूर

तिसऱ्या अटीनं आमच्या बापू गावकराचं तोंड उतरणार, त्यानं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. पण मान्य. माझी मोठी वहिनी करील, तिचा आवाज मंडपाच्या शेवटापर्यंत जातो. मोबाइलचं मात्र मी वचन देऊ शकत नाही, पेडण्यात पोरांना कोण आवरणार. मंडपात पाटी लावतो आणि दोन स्वयंसेवक उभे करतो.

पाण्याचं सांगतो: रात्री गुपचूप ओलांडायचं तर कोणी भर ओहोटीला होडी लावत नाही, चिखलात पाय अडकतात आणि मागे खुणा राहतात. भरती भरत आली की निघायचं. म्हणजे माईला काठावर वाट बघत बसावं लागेल. तो वेळ बाईंना गोष्टीत वापरता येईल.

---

फोंडेकरीण

देव बरें करूं! हे तिला लगेच पाठवते. आणि ज्यांचे व्यनि आलेत त्या सगळ्यांना लिंक गेली आहे. @गालजीबाग_२, तुमचा व्यनिचा खण भरलाय, लिंक परत येतेय. जुने निरोप उडवा.